बळकटीचा अर्थ : शेव्हरोलेच्या सहा सिलिंडरी एंजिनातील पिस्टन व कनेक्टिंग रॉड (१९२९–१९५४)

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने एंजिनाच्या पोटातील दट्ट्यांचा इतिहास लिहावयास घ्यावा याचे विभागातील काही मित्रांना नवल वाटले, आणि त्यांनी ते बोलूनही दाखविले. त्यांना माझे उत्तर इतकेच की, भाषा ही एकमेकांना धरून असलेल्या घटकांची व्यवस्था आहे, एक घटक हलला की इतरांची जागाही हलते, हे मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचे म्हणणे आम्ही वर्गात नित्य सांगतो; पण ध्वनी डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ते हलविणारा हातही कोणाला दाखविता येत नाही. यंत्रात दोन्ही दिसतात. जुना भाग काढून त्याच्या जागी बळकट भाग बसविणारा मिस्त्री आपण कोणती व्यवस्था हलवीत आहोत हे जाणून असतो, किंवा चार दिवसांत त्याला ते जाणावे लागते. प्रस्तुत निबंधात अशाच एका अदलाबदलीचा इतिहास पाहावयाचा आहे.

प्रथम शब्दांविषयी. 'दट्ट्या' हा शब्द जुना आणि चांगला आहे. परंतु तो शालेय पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात राहिला, आणि कारखान्यात 'पिस्टन' रूढ झाला. 'संयोजक दंड' तर पुस्तकाबाहेर पडलाच नाही. म्हणून पुढे मी पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हेच शब्द वापरणार आहे, आणि दुसऱ्यासाठी पुष्कळदा नुसते 'रॉड' म्हणणार आहे.

अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीने १९२८ च्या अखेरीस, १९२९ च्या गाड्यांसाठी, सरळ रांगेतील सहा सिलिंडरांचे नवे एंजिन बाजारात आणले. आकारमान १९४ घनइंच, म्हणजे सुमारे ३२०० घनसेंटिमीटर. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या माथ्यावर होते आणि क्रँकशाफ्ट तीन मेन बेअरिंगांवर फिरत असे. चार सिलिंडरांच्या किमतीत सहा सिलिंडर, ही त्या वेळची घोषणा. फोर्डच्या 'मॉडेल ए'ला चार सिलिंडर आणि चाळीस अश्वशक्ती असताना या गाडीने जे यश मिळविले ते सर्वश्रुत आहे. डोक्यावरील बोल्ट शेगडीच्या बोल्टांसारखे दिसत, म्हणून लोकांनी एंजिनाला 'स्टोव्हबोल्ट' हे नाव दिले. दुसरे नाव होते 'कास्ट आयर्न वंडर', बिडाचे आश्चर्य. या दुसऱ्या नावातच आपला विषय दडलेला आहे. कारण केवळ ठोकळाच नव्हे, तर आतले पिस्टनही बिडाचे होते.

येथे इतिहासकाराला पहिला अडथळा लागतो. बिडाकडून अॅल्युमिनिअमकडे म्हणजे जुन्याकडून नव्याकडे, जडाकडून हलक्याकडे, अशी सरळ रेषा ओढण्याचा मोह पडतो. वस्तुस्थिती तशी नाही. शेव्हरोलेच्या १९२८ च्या, म्हणजे लगेच आधीच्या, चार सिलिंडरी गाडीत अॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूचेच पिस्टन होते. त्यांत 'इन्व्हार' या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूच्या पट्ट्या बसविलेल्या होत्या, आणि कंपनीच्या जाहिरातींत त्यांचा अभिमानाने उल्लेख होत असे. तापमान वाढले तरी इन्व्हार जवळजवळ प्रसरण पावत नाही. ही मिश्रधातू शोधून काढणाऱ्या गीयोम यांना १९२० मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. अर्थात १९२९ मध्ये कंपनी हलक्या पिस्टनकडून जड पिस्टनकडे गेली, आणि ते अज्ञानाने नव्हे.

कारण काय असावे? अॅल्युमिनिअम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. ८९ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन शंभर अंशांनी तापला, तर बिडाचा सुमारे एक दशांश मिलिमीटर वाढतो आणि अॅल्युमिनिअमचा सुमारे दोन दशांश. सिलिंडर बिडाचा, तेव्हा त्यात अॅल्युमिनिअमचा पिस्टन बसवावयाचा तर थंड असताना फट अधिक ठेवावी लागते, आणि सकाळी गाडी सुरू करताच तो भिंतींवर आपटून खडखडतो. इन्व्हारच्या पट्ट्या हा त्यावरील उपाय होता. पण तो खर्चाचा. बिडाच्या सिलिंडरात बिडाचा पिस्टन म्हणजे दोघे सारखेच पसरणार, फट कमी राहणार, आवाज होणार नाही, आणि ओतकामही स्वस्त. चार सिलिंडरांच्या किमतीत सहा देऊ पाहणाऱ्याला चाराऐवजी सहा पिस्टन घडवावे लागतात, हे विसरून चालणार नाही. शिवाय एंजिन सावकाश फिरणारे होते. ज्या गतीला ते फिरत असे, त्या गतीला बिडाचा पिस्टन पुरेसा बळकट होता.

'पुरेसा बळकट' या शब्दप्रयोगापाशी थोडे थांबले पाहिजे. बळकट म्हणजे जाड आणि जड, अशी आपली सहज समजूत असते. मराठीत 'भक्कम' आणि 'वजनदार' हे शब्द एकमेकांच्या किती जवळ येऊन बसले आहेत ते पाहावे. एंजिनाच्या रॉडवर दोन प्रकारचे जोर येतात. इंधन पेटले की वायूचा दाब पिस्टनला खाली रेटतो आणि रॉड दाबला जातो. ८९ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचा माथा सुमारे ६२ चौरस सेंटिमीटर भरतो. दाब चौरस सेंटिमीटरला तीस किलो धरला, तर हा जोर १८६० किलो होईल. दुसरा जोर पिस्टनच्या स्वतःच्या वजनाचा. वर धावत गेलेल्या पिस्टनला थांबवून पुन्हा खाली ओढावयाचे काम रॉडच करतो, आणि त्या क्षणी तो ताणला जातो. स्फोटाच्या वेळी हे दोन जोर परस्परविरोधी असल्याने एकमेकांना काही अंशी खोडतात. परंतु जळालेला वायू बाहेर टाकून पिस्टन माथ्यावर पोहोचतो तेव्हा वरून दाब नसतो, आणि ताण निव्वळ उरतो. रॉडचे बोल्ट बहुधा या निःशब्द क्षणी तुटतात.

हा ताण गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९५ मिलिमीटर स्ट्रोकच्या एंजिनात, मिनिटास ३३०० फेऱ्यांना, पिस्टनच्या दर १०० ग्रॅम वजनामागे माथ्यावर सुमारे ७२ किलोंचा ताण येतो. स्ट्रोक १०० मिलिमीटर केला आणि फेऱ्या ४२०० झाल्या की तोच ताण सुमारे १२३ किलोंवर जातो. (हे आकडे मी स्वतः मांडले आहेत, रॉडच्या लांबीमुळे पडणारी सुमारे पाव हिश्शाची भर त्यांत धरली आहे.) आकडे निवडण्यामागे हेतू आहे. ३३०० ही १९४० नंतरच्या साध्या शेव्हरोलेची गती, आणि ४२०० ही १९५३ च्या कॉर्व्हेट गाडीची. दोन्ही कुळाने एकच एंजिन. तेव्हा पिस्टन जितका जड तितका तो रॉडचा वैरी, आणि रॉडला बळकटी आणण्याचा पहिला उपाय रॉडला हात न लावता पिस्टन हलका करणे हा ठरतो. ओतीव बीड पाण्याच्या सुमारे सव्वासातपट जड, अॅल्युमिनिअम पावणेतीनपट. अॅल्युमिनिअमची भिंत जाड ठेवावी लागते म्हणून प्रत्यक्ष बचत इतकी मोठी नसते, तरी ती भरीव असते. शिवाय अॅल्युमिनिअम उष्णता लवकर वाहून नेते. त्यामुळे पिस्टनचा माथा कमी तापतो आणि इंधनमिश्रण अधिक आवळून दाबता येते.

१९३७ मध्ये एंजिनाची नव्याने आखणी झाली. २१६ घनइंच, ८५ अश्वशक्ती, आणि क्रँकशाफ्टला तीनाऐवजी चार मेन बेअरिंग. १९४१ पासून अश्वशक्ती ९० झाली. पिस्टन मात्र बिडाचेच राहिले, आणि रॉडची मोठ्या टोकाची बेअरिंगही जुन्या पद्धतीची राहिली. ही पद्धत सविस्तर सांगितली पाहिजे, कारण पुढील सारा गुंता तिच्यातून निघतो.

रॉडच्या मोठ्या टोकात व्हाइट मेटल, म्हणजे बॅबिट, वितळवून ओतलेली असे. कथील, अँटिमनी आणि तांबे यांची ही मिश्रधातू आयझॅक बॅबिट यांच्या १८३९ च्या एकस्वापासून प्रसिद्ध आहे. ओतल्यावर ती आतून कातून क्रँकच्या मापाला आणीत. झिजून सैल झाली की टोपणाखालची पातळ शिम काढून बोल्ट पुन्हा आवळीत. शिम संपल्या की नवी धातू ओतीत. तेल पोहोचविण्याची तऱ्हा तर याहून मौजेची होती. पंपाचे तेल दाबाखाली मेन बेअरिंगांना जाई; रॉडना नाही. क्रँकशाफ्टमधून रॉडपर्यंत छिद्रे पाडलेलीच नव्हती. खाली, ज्याला आपले मिस्त्री 'चेंबर' म्हणतात त्यात, पन्हळी असत. प्रत्येक रॉडच्या टोपणाला पळीसारखा एक पत्रा लावलेला असे, तो दर फेऱ्याला पन्हळीतले तेल उचली. गती वाढली की नळ्यांतून सुटणाऱ्या तेलाच्या धारा थेट या पळ्यांच्या तोंडी येत. धारेचा नेम आणि पळीची उंची ही दोन्ही मापून लावावी लागत. तेलाच्या दाबाचा काटा चालत्या गाडीत सुमारे १५ पौंड दाखवी, आणि दुसऱ्या गाड्यांची सवय असलेले चालक तो पाहून घाबरत. पण त्या काट्याचा रॉडशी संबंधच नव्हता.

ही योजना मागासलेली होती असे म्हणणे सोपे आहे. प्लिमथ गाडीत १९२८ पासूनच सर्व बेअरिंगांना दाबाचे तेल मिळत होते, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिरातींनी हे ग्राहकांच्या कानी घालण्यात कसूर केली नाही. परंतु हुआन मान्वेल फान्हिओ यांनी १९४० मध्ये ब्युनोस आयरिसहून लिमापर्यंत आणि परत, अँडीज ओलांडून, सुमारे साडेनऊ हजार किलोमीटरांची शर्यत जिंकली ती शेव्हरोले गाडीतूनच, आणि त्याच वर्षी व पुढील वर्षी अर्जेंटिनाच्या रस्ताशर्यतींचे अजिंक्यपदही त्यांनी शेव्हरोलेवरच मिळविले. जी घराणी या एंजिनाला कमजोर म्हणतात, त्यांनी या गोष्टीचा जबाब दिला पाहिजे. माझे मत असे की, एंजिन कमजोर नव्हते. त्याची व्यवस्था एका विशिष्ट गतीभोवती पूर्ण झालेली होती, आणि त्या गतीच्या आत ती निर्दोष होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुणांनी नेमकी ती गती ओलांडावयास सुरुवात केली. शर्यतवेड्या मिस्त्रींच्या या वर्गाची बहुतेक भक्ती फोर्डच्या व्ही-आठवर होती. पण सहा सिलिंडरांनाही उपासक होते. वेन हॉर्निंग यांनी शेव्हरोले व जीएमसी एंजिनांसाठी बारा छिद्रांचे डोके तयार केले. मूळ डोक्यात शेजारच्या सिलिंडरांना वाटून घ्यावी लागणारी वायुमार्गाची छिद्रे त्यात प्रत्येकाला स्वतंत्र मिळाली. बिल फिशर यांच्या पुस्तिकांतून ही विद्या छापील झाली. शक्ती वाढली, फेऱ्या वाढल्या, आणि पळीच्या तेलावर चालणारी व्हाइट मेटल तडकू लागली. धातूचा जाड थर वारंवारच्या आघाताने थकतो आणि त्यात भेगा पडतात. उलट पोलादी पत्र्यावर चढविलेला पातळ थर तोच आघात पुष्कळ अधिक काळ सोसतो. अशी तयार, बदलता येणारी 'शेल' बेअरिंग १९३० च्या दशकात सर्वत्र रूढ होत गेली होती.

तेव्हा मोह पडणारच की, बिडाचे पिस्टन काढून अॅल्युमिनिअमचे घालावे, व्हाइट मेटलचे रॉड काढून शेल बेअरिंगचे घालावे, आणि निर्धास्त व्हावे. पिस्टनपुरती ही अदलाबदल सुखाची होती, आणि याचे कारण या एंजिनाच्या रचनेतच आहे. सरळ रांगेतील सहा सिलिंडरांत पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा पिस्टन जोडीने वर-खाली होतात, आणि तीन जोड्या एकमेकींपासून १२० अंशांवर असतात. त्यामुळे वर-खाली होणाऱ्या वजनांचे धक्के आपोआप एकमेकांना खोडतात. त्यासाठी क्रँकवर प्रतिभार लावावे लागत नाहीत. सहाही पिस्टन आपसांत सारख्या वजनाचे असले म्हणजे झाले. ते जुन्याहून किती हलके आहेत याची क्रँकला फिकीर नसते. व्ही-आठमध्ये अशी मुभा नाही. तेथे पिस्टनचे वजन बदलले की क्रँकचे प्रतिभार पुन्हा जुळवावे लागतात.

रॉडची गोष्ट निराळी. शेल बेअरिंगचा लाभ पुरता मिळावयाचा तर तिला दाबाचे तेल हवे. दाबाचे तेल यावयाचे तर क्रँकशाफ्टला छिद्रे हवीत. छिद्रे आली की तेलाचा खप वाढतो, म्हणून पंप मोठा हवा. आणि पन्हळी व पळ्या निरुपयोगी होतात. नुसता रॉड बदलणारा मिस्त्री म्हणजे परभाषेतला प्रत्यय आणून आपल्या धातूला चिकटवणारा. प्रत्यय बसतो, पण त्याला चालविणारे व्याकरण मागेच राहते. म्हणून जाणत्यांनी लवकरच वेगळा मार्ग धरला. एकेक भाग बदलण्याऐवजी ते जीएमसीच्या ट्रकचे २७० घनइंची एंजिनच उचलून गाडीत बसवू लागले. त्याला सर्वत्र दाबाचे तेल होते, आणि युद्धात अडीच टनी लष्करी ट्रकांसाठी ते लाखांनी तयार झाल्यामुळे भंगारात स्वस्त मिळत होते. बळकट रॉड हवा असेल तर तो ज्या व्यवस्थेत जन्मला ती व्यवस्थाच आणा, असा हा निष्कर्ष होता. तो कोणत्याही पुस्तकातून नव्हे, तुटलेल्या रॉडांवरून काढलेला होता.

आता कंपनीकडे वळू. तिला हे कळत नव्हते असे मानणे भाबडेपणाचे होईल. सबंध ओतशाळा आणि व्हाइट मेटल ओतण्याची सारी साधने जोवर वर्षाला लाखो एंजिने बिनतक्रार देत होती, तोवर ती मोडून टाकण्याचे कारण नव्हते. कारण आले ते शर्यतीच्या मैदानातून नव्हे. १९५० मध्ये शेव्हरोलेने 'पॉवरग्लाइड' ही स्वयंचलित गिअरची योजना आणली. तिच्यात शक्ती द्रवामार्फत पोहोचते, आणि वाटेत काही वाया जाते. तोटा भरून काढण्यासाठी ट्रकांत १९४१ पासून असलेले २३५ घनइंची एंजिन १०५ अश्वशक्तीचे करून या गाड्यांना दिले गेले. १९५२ मध्ये एड कोल मुख्य अभियंता झाले. १९५३ च्या पॉवरग्लाइड गाड्यांत एकाच वेळी तीन गोष्टी आल्या: अॅल्युमिनिअमचे पिस्टन, शेल बेअरिंगचे रॉड, आणि सर्व बेअरिंगांना दाबाचे तेल. अश्वशक्ती ११५, आवळणीचे प्रमाण साडेसातास एक. त्याच वर्षीच्या, हाताने गिअर बदलावयाच्या गाड्यांत मात्र १०८ अश्वशक्तीचे जुन्या पद्धतीचे २३५ चालू राहिले. नाव एक, आकारमान एक, बाहेरून पाहता भेद कळणे अवघड, आणि पोटात दोन निराळ्या युगांची यंत्रणा. या एका वर्षाने जुन्या एंजिनांची दुरुस्ती करणाऱ्यांना आजतागायत जितके चकविले आहे, तितके इतर सर्व वर्षांनी मिळूनही नसेल. १९५४ मध्ये सर्वच २३५ एंजिने नव्या पद्धतीची झाली.

तिन्ही बदल एकत्र आले यालाच मी महत्त्व देतो. पिस्टन, रॉड आणि तेल हे एकाच वाक्याचे तीन शब्द आहेत, हे मैदानावरील मिस्त्रींनी मोडतोडीतून जे शिकून घेतले, तेच कारखान्याने आखणीतून मान्य केले. त्या पायावर कोल यांनी ३० जून १९५३ रोजी फ्लिंट येथे निघू लागलेल्या कॉर्व्हेटसाठी तीन कार्ब्युरेटर, उंच उचलणारा कॅमशाफ्ट आणि आठास एक आवळणी योजून १५० अश्वशक्ती मिळविली. त्या वर्षी तीनशेच कॉर्व्हेट तयार झाल्या. १९५५ मध्ये नवे व्ही-आठ आले, आणि जाहिरातीचा प्रकाश तिकडे वळला; इतिहासग्रंथांचाही. सहा सिलिंडरांचे हे एंजिन तरी १९६२ पर्यंत गाड्यांत चालू राहिले. १९५४ साली ट्रकांसाठी निघालेले त्याचे २६१ घनइंची भावंड २३५ च्या जागी बसविण्याचा प्रघात आज जुनी एंजिने उभारणाऱ्यांतही आहे; घडीव पिस्टन आणि उत्तम बोल्टांचे रॉड आता वेगळे विकत मिळतात, तरी अधिक फेऱ्यांसाठी एंजिन बांधणारा आधी तेलाची वाट तपासतो.

आपल्याकडील दुवा थोडक्यात सांगतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला, आणि सहा सिलिंडरांच्या शेव्हरोले गाड्या व ट्रक तेथून देशभर गेले. पूर्ण उत्पादनाची योजना नसलेल्या जुळवणी-कारखान्यांना सरकारी धोरणात स्थान उरले नाही, तेव्हा १९५४ मध्ये हे काम बंद झाले. म्हणजे सर्व शेव्हरोले एंजिनांना दाबाचे तेल मिळाले त्याच वर्षी शिवडीचे दार लागले. साहजिकच तेथून बाहेर पडलेली बहुतेक एंजिने पळीच्या तेलाची आणि ओतीव बेअरिंगची होती, आणि अमेरिकेत ती भंगारात गेल्यानंतरही येथे त्यांना चालावे लागले. बदली भाग दुर्मिळ, आयातीवर निर्बंध; तेव्हा व्हाइट मेटल वितळविणे, ती रॉडमध्ये ओतणे, निळा रंग लावून क्रँकवर फिरविणे, जेथे डाग उमटेल तेथे खरवडणे, आणि शिमांनी फट बेतणे ही कारागिरी आपल्या मिस्त्रींनी त्यानंतरही सांभाळली. हे काम करणारी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्या तोंडचे शब्द, धातू 'लागली' की नाही हे ते कशावरून ओळखतात, फट हाताला 'कळते' म्हणजे काय, हे टिपून ठेवण्याचे काम आमच्या विभागातील विद्यार्थ्यांपैकी कोणी हाती घेतल्यास प्रस्तुत लेखक त्यास सर्व प्रकारे साहाय्य करील.